अनुभव धागा: फुटबॉल क्लबची धर्मादाय संस्था आणि आपली पोरं

ब्रिटनमधल्या बहुतेक व्यावसायिक फुटबॉल क्लबांची एक धर्मादाय संस्था असते. कुणी तिला फाउंडेशन म्हणतं, कुणी कम्युनिटी ट्रस्ट. लिव्हरपूलच्या एव्हर्टन क्लबची १९८८ पासून आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं तिथे जातात, काही जण स्वतः राबतात. बरं-वाईट दोन्ही लिहा. तक्रार असेल तर क्लबचं नाव नको. सुरुवात मीच करते.

मुलगा तेरा वर्षांचा. नव्या गावात आलो आणि शाळा सुटली की तो खोलीत दार लावून बसायला लागला. शेजारीण म्हणाली, शुक्रवारी संध्याकाळी क्लबचे कोच पोरांना फुकट खेळवतात. मला वाटलं, अकादमी, म्हणजे निवडक पोरांना खेळाडू म्हणून घडवणारी क्लबची शाळा! पहिल्याच दिवशी कोचला विचारलं, "सिलेक्शन कधी असतं?" तो म्हणाला, इथे यायचं, नाव सांगायचं, खेळायचं, निवड वगैरे काही नाही. (अकादमी क्लबची, ही संस्था वेगळी नोंदलेली, तिचे विश्वस्तही वेगळे, हे मला फार उशिरा कळलं.) पहिले काही आठवडे पोरगा कडेला बसून होता. कोणी ओढून मैदानात नेलं नाही. एक दिवस कोचने नुसती बिबांची (संघ ओळखायला शर्टावर घालायच्या रंगीत बंड्यांची) पिशवी त्याच्याकडे दिली, "वाट जरा." वाटता वाटता एक त्याने स्वतःच घातलं.

रातकिडा: मी प्रीमियर लीग किक्सच्या, म्हणजे क्लबांच्या संस्था पोरांना फुकट खेळवतात त्या उपक्रमाच्या, सत्रांना स्वयंसेवक आहे. २००६ मध्ये पोलिसांना सोबत घेऊन हा उपक्रम सुरू झाला. सत्रं मुद्दाम संध्याकाळी, पोरांना जायला दुसरी जागा नसते तेव्हा. आम्हा स्वयंसेवकांच्या आधी गुन्हेगारी नोंदींची तपासणी होते, मग प्रशिक्षण. प्रशिक्षणातलं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलंय: गुपित ठेवायचं वचन कधी द्यायचं नाही.

ते कामाला आलं. एक मुलगा मैदानावर खुणेसाठी ठेवलेले शंकू गोळा करताना म्हणाला, "एक सांगू? कुणाला सांगणार नाहीस ना?" मी म्हटलं, तुला धोका असेल तर सांगावं लागेल. तो थांबला, आणि तरी बोलला. मी त्याच रात्री संस्थेच्या बालसुरक्षा अधिकाऱ्याला कळवलं. पुढचे दोन आठवडे तो आला नाही. ते दोन आठवडे मला नीट झोप नव्हती. तिसऱ्या आठवड्यात आला, काही न बोलता शंकूंची चळत माझ्या हातात दिली आणि खेळायला पळाला. काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही; सांगायचंही नसतं.

क्लाइडकाठ: ग्लासगोकर म्हणून एक भर. आमच्या शहरातल्या सेल्टिक क्लबचा जन्मच यातून झाला. १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड या कॅथलिक धर्मबंधूंनी शहराच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे करायला क्लब काढला. म्हणजे इथे आधी धर्मादाय, मग फुटबॉल.

मायलेक: माझी तक्रार. लेक चौदा वर्षांची, फक्त मुलींच्या सत्राला जायची. मुलगे नाहीत म्हणूनच जायची. एका सोमवारी दोन ओळींची ईमेल: अनुदानाची मुदत संपली, सत्र बंद. त्याच उन्हाळ्यात क्लबने भल्यामोठ्या रकमेला नवा स्ट्रायकर आणला. लेकीने बातमी मला दाखवली, बोलली काहीच नाही.

रातकिडा: @मायलेक, संस्थेचा पैसा बराचसा अनुदानांतून येतो, तो ठरलेल्या कामाला आणि ठरलेल्या मुदतीपुरता असतो. खेळाडूंच्या खरेदीशी त्याचा संबंध नाही.

मायलेक: मान्य. पण ताळेबंद मला समजतो हो, तिला काय सांगू? निदान कोचने शेवटच्या सत्रात येऊन निरोप तरी घ्यायचा होता.

रातकिडा: त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडेही एकदा असंच झालंय.

डावखुरा: मी पंधराव्या वर्षी अशा सत्राला जायला लागलो, आता बावीस. खेळात सुमारच होतो. सतराव्या वर्षी त्यांनीच कोचिंगच्या पहिल्या पायरीच्या कोर्सला बसवलं, फी त्यांनी भरली. आता आठवड्यातून तीन संध्याकाळी पगारी काम करतो. आईला अजून वाटतं, मी 'क्लबमध्ये आहे'. मी दुरुस्त करत नाही.

@धागाकर्ती, तुमचा मुलगा अजून जातो का?

हो, जातो ना. मी सोडायला गेले तर फाटकाच्या बऱ्याच आधी गाडी थांबवायला लावतो. मित्र बघतील म्हणे.