‘जुना सप्लाय फेका, नवा लावा’ म्हणणाऱ्यांनी कधी लोड लावून पाहिलंय का?

सिरीजबोर्ड
धरमपेठी यांनी काल लिहिलं, की ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरांचे पॉवर सप्लाय म्हणजे सुतळी बॉम्ब. उघडत बसू नका, भंगारात द्या आणि बक मॉड्यूल, म्हणजे स्विचिंगने व्होल्ट उतरवणारी छोटी डबी, लावून मोकळे व्हा. खाली ‘शंभर टक्के सहमत’ची रांग लागली. काल गप्प बसलो, आज बसवत नाही.

कमोडोर ६४ ची वीट, म्हणजे विटेसारखा सप्लाय, घ्या. १९८२ चं मशीन. विटेतून ५ व्होल्ट डीसी निघतो आणि ९ व्होल्ट एसी. ५ व्होल्ट कायम राखणारा रेग्युलेटर आतच, आणि सगळं एपॉक्सीत ओतून बंद केलेलं, उष्णता जाणार कुठे? रेग्युलेटर बिघडला की ५ च्या जागी भलतेच व्होल्ट जातात आणि आधी रॅमच्या चिपा मरतात. इथवर धरमपेठींचं बरोबर आहे, ती वीट मीही लावत नाही. पण उपाय काय सांगितला? बक. अहो, बकमध्ये इनपुट आणि आउटपुट यांच्या मध्ये एक स्विच असतो. तो शॉर्ट झाला की अडॅप्टरचे १२ व्होल्ट थेट मशीनमध्ये. ज्या रोगासाठी जुनं फेकलं तोच रोग नव्या डबीत विकत आणला! वर ९ व्होल्ट एसीबद्दल चकार शब्द नाही. ते नसतील तर जुन्या बोर्डावर आवाजाच्या सिड चिपला लागणारे १२ व्होल्ट कुठून येणार? इनपुट-आउटपुट सांभाळणाऱ्या सीआयए चिपमधलं घड्याळ त्याच एसीच्या ५० हर्ट्झवर चालतं, ते आणखी वेगळं.

जुना की नवा हा वादच फालतू आहे. सप्लाय कुठलाही असो, लोड लावून, गरम करून तपासा आणि ५ व्होल्टवर क्रोबार टाका. व्होल्टेज ओळखणारा झेनर डायोड, स्विचसारखा एससीआर, फ्यूज, एवढंच. व्होल्टेज ६ च्या आसपास चढलं की एससीआर लाइन शॉर्ट करतो आणि मशीन वाचतं. मल्टिमीटरवर ५.०२ दिसले म्हणून फोटो टाकायचा, ही काय तपासणी झाली? ३.३ ओहमचा २५ वॉटचा रेझिस्टर लावा, दीड अँपिअर काढा, तासभर ठेवा. एअर कंडिशनरच्या खोलीत नाही. थंड देशात डिझाइन झालेला माल आहे हा, आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखालीच ४० असतात.

धरमपेठी
काका, नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे.

मी नवशिक्यांसाठी लिहिलं होतं. बीबीसी मायक्रो किंवा ॲपल टू मधला एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग सप्लाय, उघडला की आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतो. प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो. ज्याच्याकडे एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक व्हिडिओ एवढंच भांडवल आहे, त्याला तुम्ही हे उघडायला सांगणार? कोणी चिकटला तर तुमचा क्रोबार त्याला सोडवायला येणार नाही. आणि ‘चांगल्या कंपनीचं मॉड्यूल घ्या’ ही माझी ओळ सोयीने गाळलीत.

इतवारीवाला
चांगल्या कंपनीचं म्हणजे कोणतं रे भाऊ? बाजारात ज्याच्यावर २५९६ हा बकच्या चिपचा नंबर लिहून राहते तो आतून काय हाय हे त्याच्या मायबापालेच ठाऊक. ३ अँपिअर लिहिलं असते, दीडवरच बोट ठेवता येत नाही.

एक किस्सा सांगतो. एक पोरगा स्पेक्ट्रम कॉम्प्युटर घेऊन आला, पुण्याच्या डेसीबेल्स कंपनीवाल्यांचा, बापाचा होता. म्हणे अडॅप्टर खराब हाय, ९ लिहिलं अन् मीटरवर १३ दाखवून राहिला. अरे बाप्पा, तो बिनारेग्युलेटरचा अडॅप्टर! मोकळा मोजशीन तर १३ च दाखवन. लोड आला की खाली येते. त्यानं काय केलं, तो चांगला अडॅप्टर फेकला अन् नवा ९ व्होल्टवाला घेतला, रेग्युलेटेड, चकाचक. फक्त स्पेक्ट्रमले आतली पिन मायनस लागते अन् याची होती प्लस. लावला, गेला. टीआर४ ट्रान्झिस्टर गेला, त्याच्यामागं रॅमचे उणे ५ व्होल्ट गेले, अन् ४११६ नंबरच्या रॅम चिपा बिना उणे ५ च्या टिकतेत का? ‘नवा लावा’ म्हणणाऱ्यानं पिनेचं कोणी सांगितलं होतं का त्याले?

धरमपेठी
हा माझा दोष कसा? अडॅप्टरवर पोलॅरिटीचं चित्र छापलेलं असतं.

इतवारीवाला
असते ना. तांदळाच्या दाण्याएवढं.

अंबाझरी
दोघांचंही अर्धं पटतं, म्हणून दोघांनाही राग येईल.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. १९८४ पासून क्लास या सरकारी संगणक-साक्षरता प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले, आमच्याकडेही आले. ते वर्ष-दोन वर्षं वापरात होते, मग कपाटात. निवृत्तीनंतर शाळेने एक मशीन मला देऊन टाकलं. लावल्यावर छान बीप झाला, बेसिक आलं, आणि थोड्याच वेळात मागून पांढरा धूर. वास इतका की शेजारच्या वहिनी गॅस तपासायला धावल्या. गंमत म्हणजे धूर येत असतानाही मशीन चालूच होतं.

तो रिफा कंपनीचा कपॅसिटर. लाइनवरचा गोंगाट गाळणाऱ्या इनपुट फिल्टरमधला, पिवळसर पारदर्शक ठोकळा. भिंगाखाली पाहिलं तर अंगभर बारीक तडे. त्या तड्यांतून हवेतलं बाष्प आत कागदापर्यंत जातं आणि मग एक दिवस तो पेटतो. चाळीस वर्षं नागपूरचे पावसाळे खाल्लेला माल. धरमपेठींना विचारते, याच्यासाठी अख्खा सप्लाय भंगारात? दोन पायांचा भाग आहे. आणि सिरीजबोर्ड यांना विचारते, तुमचा लोड लावून हा दोष दिसला असता का? तडे डोळ्यांनीच बघावे लागतात, तेही वीज द्यायच्या आधी.

बदलताना एवढं सांभाळा: एक्स२ लिहिलेला, २७५ व्होल्ट एसीचाच घ्या. बर्डीच्या बाजारात एका दुकानात मला ‘हा पण चालतो मॅडम’ म्हणत ४०० व्होल्ट डीसीचा साधा पॉलिस्टर दिला होता. तो लाइनवर कायम बसायला बनवलेला नसतो.

सिरीजबोर्ड
मॅडम, रिफाचं मान्य. लोडने तो दिसत नाही. पण पहिल्यांदा वीज देताना माझ्या नावातला बोर्ड वापरला असता, १०० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये, तर रिफा फाटला तरी बल्ब पेटून राहिला असता. फ्यूज, वायरिंग सगळं सुरक्षित.

अंबाझरी
फ्यूज सुरक्षित. माणूस? बल्ब आयसोलेशन देत नाही. फेजला हात लागला तर बल्बातून तुम्हाला मरायला पुरेल एवढा करंट मिळतो. लोक सिरीज बोर्डावर लावलंय म्हणून आत बोटं घालतात. आयसोलेशनला एकास एक ट्रान्सफॉर्मर लागतो. शिवाय लोडवरचा एसएमपीएस बल्बाच्या मागे नीट सुरूच होत नाही, गचके देत राहतो, आणि लोकांना वाटतं सप्लायच बिघडलाय.

सिरीजबोर्ड
गचके देतो म्हणून मोठा बल्ब लावायचा असतो. २०० वॉटचा. हल्ली मिळत नाही हे खरं, दुकानदार एलईडी पुढे करतो आणि तो सिरीजमध्ये काही कामाचा नाही. आयसोलेशनचं मी कुठे म्हटलं होतं?

महालकर
तुम्ही सगळे बल्ब, बक आणि बोंबा मारत बसा. एकानेही अर्थिंगचं विचारलं नाही. ज्या फिल्टरबद्दल मॅडम सांगताहेत, त्यातच वाय कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रलकडून धातूच्या डब्यावर. अर्थिंग नसेल तर डबा ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. मशीनच्या मागच्या सॉकेटला हात लावला की मुंग्या येतात त्या यामुळेच. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांत निम्म्या बोर्डांत तिसरं भोक फक्त शोभेला आहे. त्यात कोणी टू-पिन लावून ॲपल चालवतो आणि म्हणतो ‘थोडा करंट मारतो, जुनं आहे ना’!

आणि असल्याच बोर्डावर पुढे कूलर लागतो. दर उन्हाळ्यात बातमी: पाणी भरताना कूलरचा शॉक लागून गेला. लोखंडी बॉडी, पाण्यात बुडालेला पंप, ओले हात, अनवाणी पाय.

इतवारीवाला
झालं सुरू. धागा पॉवर सप्लायचा हाय महालकर, कूलरचा नाही.

महालकर
तोच धागा आहे. तुमच्या दुकानातल्या बेंचला अर्थिंग आहे का? हो की नाही सांगा.

इतवारीवाला
हाय. फेज अन् अर्थ मधात १०० चा बल्ब लावून पाहिला, मस्त पेटते. आता बोला.

महालकर
हेच ऐकायचं होतं मला! १०० वॉटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो. तुमचं अर्थिंग १०० ओहम जरी असलं तरी तो पेटणार, जरा मंद, आणि जरा मंद तुम्हाला दिसणार नाही. पण उद्या डब्याला फेज लागली तर १०० ओहममधून जाणार २.३ अँपिअर. १६ चा एमसीबी हलणार पण नाही. डबा जिवंत, तुम्ही समोर. इथली काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढी तडकते, अर्थिंगच्या खड्ड्यात ओलावा उरत नाही. जानेवारीत मोजलेलं अर्थिंग मे महिन्यात नसतं. अर्थिंगचं मानक, आयएस ३०४३, काढून वाचा.

इतवारीवाला
तुम्ही काऊन भांडून राहिले माह्याशी? मीठ-पाणी टाकतो ना मी खड्ड्यात.

महालकर
कधी?

इतवारीवाला
आठवण आली का.

धरमपेठी
एमसीबी, अर्थिंग सगळं ठीक, पण ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे अर्थकडे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, लावला की विषय संपतो. आमच्याकडे आहे. अडचण एवढीच की बीबीसी आणि दोन जुने मॉनिटर एका वेळी लावले की ट्रिप होतो. इलेक्ट्रिशियन म्हणाला बायपास करून देतो.

महालकर
आणि तुम्ही करू दिलंत??

धरमपेठी
नाही हो. फक्त म्हणाला.

अंबाझरी
ट्रिप होतो म्हणजे तो त्याचं काम करतोय. प्रत्येक मशीनच्या फिल्टरमधून थोडी गळती अर्थकडे जाते, तिची बेरीज होते. ३० चा आरसीसीबी बेरीज ३० व्हायच्या आधीही सुटू शकतो. एक-एक लावून बघा, एकट्यानेच ट्रिप करणारं मशीन सापडलं तर त्याचा फिल्टर उघडायचा. आणि महालकर, तुमचं सगळं बरोबर असूनही तुमच्याशी सहमत व्हायला फार त्रास होतो.

महालकर
सवय आहे. माझा चुलतभाऊ कूलरला चिकटला होता, वहिनीने लाकडी पाटाने मेन पाडला म्हणून आज आहे. मग मी प्रेमाने कसं सांगू ते तुम्हीच शिकवा.

सिरीजबोर्ड
बरं. कूलरचा विषय महत्त्वाचा आहे, त्याचा वेगळा धागा काढा, मी पहिला येईन. आता मूळ मुद्दा. धरमपेठी, रात्री दोन वाजता तुमच्याकडे लाइनला किती असतात?

धरमपेठी
स्टॅबिलायझरच्या आधी? २५० दिसलेत. दुपारी कूलर सुरू झाले की १९५.

सिरीजबोर्ड
मग स्पेक्ट्रमचा अडॅप्टर धरा. बिनारेग्युलेटरचा, म्हणजे लाइन चढली की तोही चढतो. लोडवर ९ चे ११ झाले आणि आतल्या ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरमधून ८०० मिलिअँपिअर जात असले, तर ३.२ वॉटच्या जागी ४.८ वॉट त्याला उष्णता म्हणून काढावे लागतात. त्या छोट्या पत्र्यावर. आणि १९५ ला उलटं, इनपुट ७ च्या खाली घसरलं की ७८०५ चे ५ राहत नाहीत, लोक म्हणतात रॉम गेली. म्हणून म्हणतो, दोन्ही टोकांना तपासा. डिमरस्टॅट, म्हणजे लाइनचे व्होल्ट कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर, असेल तर १९० आणि २५० दोन्हीवर.

धरमपेठी
हे तर माझ्याच बाजूचं झालं! ७८०५ काढून त्याच्या जागी तीन पायांचं स्विचिंग मॉड्यूल टाका, उष्णता जवळपास नाहीशी. हेच मी लिहिलं तर मी मूर्ख, तुम्ही आकडे दिले की शास्त्र.

सिरीजबोर्ड
ते मॉड्यूल मला मान्य आहे. तुम्ही लिहिलं होतं ‘कोणतंही बक’.

धरमपेठी
‘चांगल्या कंपनीचं’ लिहिलं होतं.

इतवारीवाला
आता सुरुवातीपासून वाचाव लागते का काय?

अंबाझरी
सिरीजबोर्ड, नवशिक्याने एसएमपीएस उघडू नये, हे तरी धरमपेठींना द्या.

सिरीजबोर्ड
दिलं. ज्याला सव्वातीनशे व्होल्ट रेझिस्टरने उतरवता येत नाहीत आणि स्क्रू ड्रायव्हर आडवा घालून फाटकन उतरवतो, त्याने उघडू नये. ट्रान्सफॉर्मरवाले अडॅप्टर उघडावेत, तिथे शिकायला मिळतं. भंगारात मात्र देऊ नका, मला आणून द्या.

इतवारीवाला
मले द्या. काकांच्या घरी आता जागा नाही, काकूंनी सांगितलं.

धरमपेठी
कालच्या पोस्टमध्ये क्रोबारची आणि पिनच्या पोलॅरिटीची ओळ जोडतो. ‘सुतळी बॉम्ब’ काढणार नाही, मॅडमचा धूर वाचल्यावर तर नाहीच. क्रोबारमध्ये फ्यूज किती अँपिअरचा?

सिरीजबोर्ड
कमोडोरच्या ५ व्होल्टला २ चा, फास्ट. स्लो-ब्लो लावाल तर फ्यूजच्या आधी एससीआर जाईल. आणि फ्यूज सप्लाय आणि एससीआरच्या मध्ये, एससीआर आणि मशीनच्या मध्ये नाही. तिकडे लावलेला परवाच पाहिला एकाकडे.

महालकर
आणि अर्थिंग?