एएमटी गाडी चढावर मागे का सरकते?

कोथरूडकर: सहा वर्षं जुनी एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी गाडी), ६२ हजार किलोमीटर. काल कात्रज घाटात ट्रॅफिकमध्ये मागे सरकली, वर करपल्याचा वास. मागच्या रिक्षावाल्याने माझा उद्धारच केला! सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, आख्खा गिअरबॉक्स बदला. बायको म्हणते, स्कूटरच बरी होती.

घाटवेडा: चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवता का? मग क्लच जळणारच. एएमटीत क्लच साध्या गाडीसारखाच असतो, फक्त दाबणारा पाय तुमचा नसतो. थांबलात की हँडब्रेक ओढा. घाटात मॅन्युअल मोड, म्हणजे गिअर स्वतः बदला.

कोथरूडकर: हो, ॲक्सिलरेटरवरच धरून ठेवतो. बोंबला!

पेठकरी: गिअरबॉक्सला इतक्यात हात लावू देऊ नका. आधी क्लच प्लेट आणि ॲक्च्युएटर (पायाऐवजी क्लच दाबणारा भाग) तपासून घ्या. जुनी प्लेट डोळ्यांनी बघा, मगच पैसे द्या.