होडीचं जुनं इंजिन स्लोला धरत नाही. कार्बोरेटर बदलावा की दुरुस्त होईल?

कृष्णाकाठ_चिकोडी: नमस्कार मंडळी. आमची मळीची शेती नदीपलीकडं आहे, पूल लांब पडतो म्हणून होडी ठेवलीय. तिला मालवणकडनं आणलेलं जुनं टू-स्ट्रोक इंजिन आहे. फुल रेसला झकास पळतंय, पण काठाला येताना रेस सोडली की भकभक करून बंद. आयडल स्क्रू आवळून रेस चढवली तर गिअर टाकताना दणका बसतोय. प्लग बदलला, कार्ब पेट्रोलनं धुतला. थोडे दिवस बरं, पुन्हा तेच. कोयनेचं पाणी सुटायच्या आत काम व्हायला पाहिजे. बेळगाव-निपाणी भागात कुणी करतंय काय?

हिडकलकर: नवा कार्ब घाला, विषय संपला.

निपाणी_गॅरेज: थांबा की हो, एवढी काय घाई? आधी पेट्रोल बघा. होडी उभी राहते आणि टाकीत जुनं पेट्रोल तसंच. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि पाणी तळाला बसतं. काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरा, तळाला वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा. स्लो जेटचं, म्हणजे स्लोला पेट्रोल सोडणाऱ्या बारक्या नळीचं, भोक केसाएवढं, नुसत्या पेट्रोलनं त्यातला चिकटा निघत नाही. जेट काढून कार्ब क्लीनर मारा, मग हवा. तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट कामातनं गेला.

उद्यमबाग_लेथ: दादा, एक सांगा. बटरफ्लायची, म्हणजे कार्बमधली हवा कमीजास्त करणाऱ्या चकतीची, दांडी हातानं वरखाली हलवली तर खेळते काय?

कृष्णाकाठ_चिकोडी: होय अण्णा, चांगलीच लुडबुडतेय. सकाळी आयडल एका जागी बसवावं, तर संध्याकाळी दुसरीकडंच.

उद्यमबाग_लेथ: मग धुऊन भागणार नाही. दांडी बॉडीत फिरते तिथलं भोक झिजलंय, तिथनं हवा ओढतंय. फुल रेसला आत मुळातच भरपूर हवा जाते, त्यात ही चोरटी हवा कळत नाही. स्लोला बटरफ्लाय जवळजवळ बंद, मग तेवढीच हवा मिश्रण बिघडवते. खात्री करायची तर इंजिनाचा पाय पाण्याच्या बॅरलमध्ये बुडवून चालू करा. कोरडं अजिबात नको, वॉटर पंपाचा इंपेलर जातो. आता दांडीच्या दोन्ही टोकांना जाड ग्रीस थापा. आयडल सुधारलं की चोर सापडला. हा इलाज नव्हे, नुसती तपासणी.

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्यांना तोटा नाही. भोक रीमरनं गोल करून पितळी बुश (भोकात बसणारी नळीसारखी कडी) मारायचा, दांडी झिजली असेल तर तीही नवी करायची. पण कार्बचं काम केलेल्याकडंच द्या. बटरफ्लाय मधोमध बसली नाही तर अडकते आणि भर नदीत रेस उतरत नाही.

निपाणी_गॅरेज: बरोबर. तोवर स्लोचं मिश्रण ठरवणारा एअर स्क्रू पिळत बसू नका. टू-स्ट्रोकला पेट्रोलबरोबरच ऑइल जातं. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, की ऑइलही कमी, मग पिस्टन जाम होतो. आणि कार्बच्या तोंडातनं पेट्रोल उलटं उडत असेल तर रीड व्हॉल्व्ह (मिश्रण उलटं येऊ न देणारी पट्टी) बघा, ते दुखणं वेगळं.

कृष्णाकाठ_चिकोडी: उलटं उडत नाही. ग्रीस लावून बघितलं, आयडल लगेच बसलं! बॉडी अॅल्युमिनियमची आहे, पितळी बुश चालेल ना?

उद्यमबाग_लेथ: चालतो की. येताना दांडी, बटरफ्लाय, स्प्रिंग सगळं आणा. नुसती बॉडी आणली तर मापाला दुसरी चक्कर होणार.