लिथियम चालू असताना दाढ काढायची आहे, काय सांभाळायचं?

प्रश्न
मोठ्या दिरांना बायपोलर (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं असा आजार) आहे. त्यासाठी लिथियम ३०० मिलिग्रॅमच्या दिवसाला तीन गोळ्या आणि रात्री क्वेटियापिन. शनिवारी खालची दाढ काढायची आहे. दातांच्या डॉक्टरांना आजाराचं सांगितलेलं नाही. सांगायलाच हवं का? त्या दिवशी लिथियम थांबवायचं का? तोंडाला सारखी कोरडही असते.

प्रतिसाद १
सांगाच, आणि सगळ्या गोळ्यांची प्रिस्क्रिप्शन न्या. लिथियम स्वतःहून थांबवू नका. खरा धोका नंतरच्या वेदनाशामकाचा आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, केटोरोलॅक, यांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं मंदावतं आणि काही दिवसांत रक्तातली पातळी चढते. ०.६ ते १.० (मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर) असणारी पातळी १.५ च्या वर गेली की विषबाधेची भीती. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन असतं, झिरोडॉल-पीमध्ये एसिक्लोफेनॅक. घरात पडलेली पट्टी देण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचा. साधं पॅरासिटामॉल ६५० द्या, सहा-सहा तासांनी, दिवसात जास्तीत जास्त चार (यकृताचा त्रास नसेल तर).

प्रतिसाद २
वरच्यात भर. अमॉक्सिसिलिनबरोबर मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक लिहून द्यायची पद्धत आहे, त्यानेही लिथियम वाढू शकतं, तेव्हा आधीच विचारा. दाढ काढल्यावर माणूस दुखतंय म्हणून खातपीत नाही. पाणी आणि मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. मीठ घातलेलं ताक, कोमट पेज थोडी थोडी देत राहा, स्ट्रॉने नको, ओढल्याने जखमेवरची रक्ताची गुठळी निघून येते. हात जोरात थरथरणं, जुलाब, उलट्या, जीभ जड होणं, झोकांड्या: पुढची गोळी न देता थेट हॉस्पिटल गाठा, तिथे लिथियमची पातळी तपासायला सांगा.

प्रतिसाद ३
कोरडीचं दुर्लक्ष नको. लाळ कमी झाली की कीड दाताच्या मुळाशी लागते. कोरड घालवायला लोक लिमलेट चघळतात, ती साखर दात खाते. पाण्याचे घोट घ्यावेत, जखम भरल्यावर बिनसाखरेचं च्युइंगम चालेल. रात्री फ्लोराइडची पेस्ट लावून फेस थुंकायचा, चूळ भरायची नाही. मॅनियात (मन फार चढलेलं असताना) ब्रश इतका जोरात चालतो की हिरडीजवळ दाताला खाच पडते, म्हणून ब्रश मऊच हवा. आणि खुर्चीतून सावकाश उठवा, क्वेटियापिनने चक्कर येते.

प्रश्न
आईला बायपोलरसाठी लिथियमऐवजी वॅलप्रोएट आहे. हेच लागू?

प्रतिसाद १
नाही, तिथे रक्तस्राव बघायचा, कारण वॅलप्रोएटने प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी होऊ शकतात. दाढ काढण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. प्लेटलेट कमी निघाल्या तर तारीख पुढे ढकलून आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको.