शब्दचर्चा: बँड ‘पुन्हा एकत्र आला’, याला नेमकं काय म्हणावं?

प्रश्न

ओअ‍ॅसिस हा ब्रिटिश रॉक बँड पुन्हा एकत्र आल्यापासून एक शब्द शोधतो आहे. २८ ऑगस्ट २००९ रोजी पॅरिसमध्ये, कार्यक्रमाच्या तोंडावर नोएल आणि लिअम गॅलाघर या भावांचं कडाक्याचं भांडण झालं, नोएल बाहेर पडला आणि बँड संपला. ऑगस्ट २०२४ मध्ये दोघांनी परतण्याची घोषणा केली आणि ४ जुलै २०२५ ला कार्डिफमध्ये ते हातात हात घालून मंचावर आले. मला आनंद झाला, अगदी मनापासून. पण त्याच क्षणी काहीतरी टोचलंही. हे लिहून काढायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. ‘पुनर्मिलन’ लिहिलं, खोडलं. ‘पुनरागमन’ही पटेना. आणि मला जे वाटतंय त्याला ‘संमिश्र भावना’ म्हणवत नाही. तो बातमीदारांचा शब्द आहे, कोणी स्वतःच्या मनाबद्दल बोलताना तो वापरत नाही. दोन्हींसाठी शब्द सुचवा.

प्रतिसाद

‘पुनरागमन’ न पटणं बरोबर आहे. पुनरागमन एकट्यालाही करता येतं. दुखापतीतून सावरलेला फलंदाज ते करतो, नट करतो. माणूस दिसेनासा झाला होता, आता दिसू लागला, एवढंच त्यातून कळतं. कोणाचं कोणाशी बिनसलं होतं का, याचा पत्ता लागत नाही.

‘पुनर्मिलना’च्या आधी विरह असावा लागतो. दोन्ही बाजू एकमेकांसाठी झुरत होत्या, असं वाचणारा गृहीत धरतो. हे दोघं भाऊ तर वर्षानुवर्षं मुलाखतींतून एकमेकांवर तोंडसुख घेत होते. आधी भांडण होतं आणि ते मिटलं, इतकंच सांगायचं असेल तर ‘समेट’ चांगला, जुना, प्रामाणिक शब्द आहे. तो मनं जुळल्याचा दावा करत नाही. ‘मनोमिलन’ आणि ‘दिलजमाई’ तसा दावा करतात, शिवाय राजकीय बातम्यांनी ते इतके झिजवलेत की वाचताच डोळ्यांपुढे जागावाटप येतं.

प्रतिसाद

भाऊच आहेत तर ‘भरतभेट’ का नको?

प्रतिसाद

कारण भरताचं रामाशी भांडण नव्हतं. तो राज्य परत द्यायला गेला होता. ‘भाऊबंदकी’ला आपल्याकडे नेमका शब्द आहे, पण भाऊबंदकी मिटल्यावर जे होतं त्याला नाही. ‘गळाभेट’ म्हणावं, तर ती छायाचित्रापुरती असते.

प्रतिसाद

बँडांनी स्वतः या प्रसंगाला काय म्हटलं, तेही बघा. ईगल्स १९८० मध्ये फुटले. ‘पुन्हा कधी एकत्र वाजवाल?’ या प्रश्नावर डॉन हेन्लीचं उत्तर ‘नरक गोठेल तेव्हा’ असं होतं. आपण ‘सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा’ म्हणतो. १९९४ मध्ये ते परत आले आणि दौऱ्याला नावही नरक गोठल्याचंच दिलं. गन्स एन रोझेसचं तसंच. अ‍ॅक्सल रोझ म्हणायचा ‘या जन्मी तरी नाही’, आणि २०१६ च्या दौऱ्याचं नाव तेच ठेवलं गेलं. सेक्स पिस्तल्सनी १९९६ मध्ये दौऱ्याला सरळ पापाच्या पैशाचं नाव दिलं. मला ते सर्वांत आवडतं, कारण त्यात चाहत्याची फसवणूक नाही. त्याला आपण ‘तडजोड’ किंवा ‘व्यवहार’ म्हणू शकतो, आणि त्यात कमीपणा नाही.

पिंक फ्लॉइडचं मात्र निराळं. २ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये वॉटर्स, गिल्मर, मेसन आणि राइट चोवीस वर्षांनी एकत्र वाजवायला उभे राहिले. एकच संध्याकाळ, मोजकी गाणी. पुढे २००८ मध्ये रिक राइट गेले आणि चौघं एकत्र येण्याची शक्यताच संपली. त्या संध्याकाळीला मी ‘पुनर्भेट’ म्हणेन. भेटीत पुढे एकत्र राहण्याचं वचन नसतं.

मूळ प्रश्नकर्ता

‘पुनर्भेट’ घेतो. दौरा संपला की दोघं आपापल्या वाटेने जातील, अशी तयारी त्या शब्दात आहे.

आता टोचतंय काय, ते सांगतो. एक तर तिकिटं. स्वस्तातली संपताच उरलेली चढ्या दराने विकली गेली आणि दीडशे पौंडांच्या आसपासचं उभ्या जागेचं तिकीट रांगेतून पुढे सरकेपर्यंत साडेतीनशेच्या वर गेलं. कष्टकऱ्यांच्या वस्तीतून आलेल्या, त्याच लोकांसाठी गाणाऱ्या बँडच्या बाबतीत हे व्हावं, याचं वाईट वाटतं. पण ते वरवरचं. आतलं असं की मी या बँडचा शेवट स्वीकारला होता. त्यांची शेवटची गाणी मी शेवटची म्हणूनच ऐकत आलो, त्यामुळे त्यातल्या साध्या ओळीही जड वाटायच्या. आता ती शेवटची राहिली नाहीत, आणि मला त्यांचं काय करावं कळत नाही. लिअमचा आवाज टिकला नसेल तर? ही भीती होतीच. टिकला आहे हे ऐकल्यावर तर जास्तच गलबललं. वाईट झालं असतं तर निदान पाठ फिरवता आली असती.

प्रतिसाद

यात ‘धाकधूक’ आहे, पण ती निकाल लागेपर्यंतच टिकते. आवाज ऐकलात, संपली. ‘हुरहूर’ दूर गेलेल्या किंवा जाणाऱ्या गोष्टीची लागते, आणि इथे तर गोष्ट परत आली आहे. माझ्या मते तुमचा शब्द ‘कालवाकालव’. मूळ ‘कालवणे’, म्हणजे एकत्र मिसळणे. काळजात कालवाकालव झाली असं आपण बहुतेक करुण प्रसंगी म्हणतो, पण शब्दाच्या पोटात दुःखच असलं पाहिजे असं काही नाही. एकातून दुसरं वेगळं काढता येत नाही, हा त्याचा गाभा. ‘संमिश्र’ म्हटलं की आनंद एका बाजूला आणि खंत दुसऱ्या बाजूला, अशी मोजदाद होते. कालवल्यावर ती होत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

हाच! मनापासून आभार.

प्रतिसाद

शुद्धलेखनाचा एक मुद्दा, कारण वर कोणी चुकलेलं नाही पण छापील मजकुरात सर्रास चुकतं. ‘पुनर्मिलन’मधला ‘मि’ ऱ्हस्व. दीर्घ ‘मीलन’ म्हणजे मिटणं. ‘उन्मीलन’, ‘निमीलन’ त्यातूनच आले.

प्रतिसाद

मग लिंकिन पार्कला काय म्हणायचं? त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन २०१७ मध्ये वारला आणि २०२४ मध्ये नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँगला घेऊन बँड परतला. इथे समेट नाही, पुनर्भेटही नाही.

प्रतिसाद

‘पुनरारंभ’. बोलीत ‘पुनश्च हरिः ॐ’ चालेल. तुरुंगवासानंतर टिळकांनी १८९९ मध्ये ‘केसरी’त त्याच मथळ्याने लिहायला सुरुवात केली, तेव्हापासून खंडानंतर काम हाती घेण्याला तो रूढ आहे. ‘पुनरुज्जीवन’ मात्र टाळा. ज्या बँडने माणूस गमावलाय, त्याच्या संदर्भात तो शब्द बोचतो.