रात्रीची लाईट आणि फरशीचं वळण: सोलर स्टड बसवावेत का?

प्रश्न: तापीकाठचा (चोपडा तालुका)

राम राम मंडळी. आमच्या शिवारातून येणाऱ्या डांबरी रस्त्यावर नाल्याची फरशी (बुटका पूल) आहे आणि फरशीच्या तोंडाशीच रस्ता एकदम डावीकडे वळतो. पूर्वी त्या वळणावर नऊ कडुनिंब होते. त्यांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारलेले असायचे. गाडीचा उजेड लांबून पट्ट्यांवर पडला की रस्ता कुठे वळतोय ते झाडंच सांगायची. रस्ता रुंद झाला, झाडं गेली. डांबर चांगलं झालं, वेग वाढला, आणि वळण अंधारात गेलं.

शेतीची थ्री फेज लाईट आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात केळीला पाणी द्यायला माणसं बाराला निघतात, लाईट गेली की परततात. डोळ्यांवर झोप, गाडी जुनी, उजेड पिवळा. गेल्या मार्गशीर्षात माझा चुलतभाऊ रात्री दोनला मोटर बंद करून येताना वळण न घेता सरळ नाल्यात गेला. मांडीचं हाड मोडलं, मोबाइल चिखलात पडला. पहाटे पाचला दुधाच्या गाडीवाल्याने त्याची हाक ऐकली. तीन तास तो तिथेच पडून होता. आता चालतो, पण काठी घेऊन. दवाखान्यात मला एवढंच म्हणाला, "भाऊ, रातले वळण दखातच नही."

गावात वर्गणी काढून सोलर रोड स्टड, म्हणजे रस्त्यात बसवायचे छोटे सौर दिवे, बसवायचं चाललंय. काही जण म्हणतात साधे कॅट आय (बिनदिव्याचे, नुसते चमकणारे स्टड) पुरे, सोलरचा खर्च कशाला. कुणी बसवले असतील, या कामात असतील, तर खरं काय ते सांगा. मला पुन्हा तसा फोन घ्यायचा नाही.

उत्तर: साईटवरचा (धुळे)

दादा, मी रस्त्याच्या कामावर सुपरवायझर आहे. साधा स्टड स्वतः उजेड देत नाही, त्याच्यावर पडलेला उजेड तो परत फेकतो. सरळ रस्त्यावर तेवढं पुरतं. तुमच्यासारख्या तोडक्या वळणावर गाडीचा उजेड सरळ नाल्याकडे जातो, वळणापलीकडच्या स्टडवर पडतच नाही. सोलर स्टडच्या आत उन्हावर वीज करणारी छोटी पट्टी, बॅटरी आणि एलईडी असते, त्यामुळे गाडी कशीही असो, तो लांबून दिसतो. हिशेब करा: ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. जुन्या दुचाकीच्या डीमवर तीस-चाळीस मीटर दिसतं. म्हणजे हातात दोन सेकंद. वळणावर सोलरच घ्या, सरळ भागात साधे चालतील.

आता उन्हाचं. एलईडी सहसा आधी जात नाही, आधी बॅटरी जाते. मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४४-४५ अंश, डांबर साठच्या वर तापतं. विक्रेत्याला पहिला प्रश्न बॅटरीचा विचारा, आणि वॉरंटी लेखी घ्या. प्लास्टिकच्या अंगापेक्षा ॲल्युमिनियमचं घ्या. खाली दांडा असलेला, भोक पाडून एपॉक्सीत (घट्ट धरणाऱ्या चिकटद्रव्यात) बसवलेला हवा. नुसता वरून चिकटवलेला स्टड काळ्या मातीतला रस्ता फुगला-खचला की सुटतो. उंची दोन सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि दुचाकीच्या चाकाच्या वाटेत बसवू नका, ओल्या रस्त्यावर घसरायला होतं. मधल्या रेषेला पांढरा, डाव्या कडेला लाल. आणि परवानगीशिवाय रस्त्यात भोक पाडू नका. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना विचारा, पुढच्या वर्षी नवा थर येणार असेल तर सगळं त्याखाली जाईल.

उत्तर: केळीची गाडी (सावदा)

मी रात्रीच चालवतो, म्हणून लिहितो. लुकलुकणारे घेऊ नका. समोर वीस दिवे उघडझाप करायला लागले की अंतर कळत नाही, डोळा थकतो. स्थिर जळणारे घ्या. आणि भाऊ, स्टडने रस्ता दिसेल, पण रस्त्यात उभी ट्रॉली दिसणार नाही. उसाच्या दिवसांत मागे एकही दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत नेतात. तुमच्या गावातल्या प्रत्येक ट्रॉलीला आणि बैलगाडीच्या मागच्या फळीला लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा. वर्गणीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा खर्च तोच. मी एकदा अशा ट्रॉलीच्या हातभर मागे गाडी थांबवली होती. त्यानंतर तासभर माझे पाय थरथरत होते.

उत्तर: शहाद्याहून

आमच्या फाट्यावर सोलर बसवले होते. पहिल्या दिवाळीला गावभर कौतुक. दुसऱ्या पावसाळ्यानंतर निम्मे बंद. नीट पाहिलं तर बरेच खराब झालेच नव्हते, ट्रॅक्टरच्या चाकाची माती वर बसून कडक झाली होती, ऊनच आत जात नव्हतं. ओल्या फडक्याने पुसले, आणि दोन दिवसांनी त्यातले बरेच परत लागले.

इंग्लंडमधल्या पर्सी शॉ नावाच्या माणसाने १९३४ साली कॅट आयचं पेटंट घेतलं, त्यात याचा विचार आधीच होता. काचा रबरात बसवलेल्या, चाक वरून गेलं की रबर दबून काच पुसली जायची, खाली साठलेलं पावसाचं पाणी त्याला मदत करायचं. आपल्या सोलर स्टडला ती सोय नाही. पुसणारा माणूस आधी ठरवा, मग खरेदी करा.

तापीकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे मारुतीच्या पारावर मोठ्याने वाचून दाखवलं. चुलतभाऊही आला होता. पुसायचं काम त्याने मागून घेतलं. म्हणाला, दर वेळी लाईट रात्रीची झाली की पहिल्या दिवशी मी फरशीवर जाईन. मी नको म्हणालो, तो ऐकत नाही.

ट्रॉल्यांच्या पट्ट्या याच आठवड्यात, गावात सदतीस ट्रॉल्या निघाल्या. स्टड पाऊस उघडल्यावर, रस्ता कोरडा असताना. तोवर वळणावर बाणाच्या दोन पाट्या मागतोय, आणि गेलेल्या झाडांच्या जागी, रस्त्यापासून लांब, नऊ कडुनिंब लावू द्या असंही अर्जात लिहिलंय. साईटवरचे दादा, अर्ज उद्या इथे टाकतो. परवानगीचा भाग बरोबर लिहिलाय का, तेवढं बघा.