जागतिक स्काऊट जांबोरी : चाळीस हजार पोरं एका मैदानात कशाला?

कोरडी_विहीर
२०२७ च्या उन्हाळ्यात पोलंडमध्ये ग्दान्स्कजवळ पुढची जागतिक जांबोरी, म्हणजे जगभरच्या स्काऊटांचं मोठं शिबिर, आहे. भाचीच्या पथकात आतापासून चुळबुळ सुरू झालीय आणि घरात वाद पेटलाय, तोच इथे आणतो. माझं मत सरळ आहे. चौदा ते सतरा वयाची एवढी पोरं एका जागी गोळा करणं आता बंद करावं.

सेमांगुम आठवा. दक्षिण कोरिया, ऑगस्ट २०२३. समुद्रात भराव घालून केलेली सपाट जमीन, झाड औषधालाही नाही. दीडशेहून जास्त देशांतले सुमारे ४३,००० जण आणि पारा ३५ अंशांवर. पावसाचं पाणी मुरेना म्हणून तंबूंखाली प्लॅस्टिकचे पाट टाकले. डबक्यांत डास, किडे, पोरांच्या पायांवर चाव्यांचे लाल चट्टे. उद्घाटनाच्या कार्यक्रमातच शंभरावर जणांना उन्हाचा त्रास झाला. सगळ्यात मोठं पथक ब्रिटनचं, जवळपास साडेचार हजारांचं. ते पाचव्या दिवशी सोलच्या हॉटेलांकडे निघालं. अमेरिका आणि सिंगापूरनेही तळ सोडला. मग खानून वादळ आलं आणि उरलेल्यांना हजारभर बसमधून हलवावं लागलं. समारोप कुठे, तर स्टेडियममध्ये, के-पॉपच्या तालावर! तंबू ठोकायला नेलेल्या पोरांना नाचगाणी दाखवून घरी पाठवलं.

गाठ_पक्की
धागाकर्ते, हा दोष जांबोरीचा कसा? जागेचा आणि यजमानांचा आहे. २०१७ ला अझरबैजानमध्ये बाकूच्या जागतिक स्काऊट परिषदेत पोलंडला मागे टाकून कोरियाने यजमानपद मिळवलं. हाताशी सहा वर्षं होती. २०२२ ची सराव जांबोरी रद्द झाली, त्यामुळे ज्या उणिवा तेव्हाच उघड्या पडायच्या त्या पुढच्या वर्षी पोरांच्या अंगावर आल्या. २०१९ ला वेस्ट व्हर्जिनियात साधारण ४५,००० जण होते. तिथे स्काऊटांचा स्वतःचा कायमचा तळ आहे, पार पडलंच ना सगळं? २३ वर्षं पथक चालवतोय, एक सांगतो. बांबू आणि सुतळीने चपला ठेवायचं गॅजेट बांधताना शेजारच्या देशाचं पोर येऊन सुतळीचं दुसरं टोक धरतं, ते वर्गात शिकवता येत नाही.

कोरडी_विहीर
२०१५ ची जांबोरी जपानमध्ये यामागुचीला भरवली, तीही भरावाचीच जमीन आणि महिनाही उन्हाळ्याचाच. आठ वर्षांनी पुन्हा तेच. म्हणजे शिकलं कोण? आणि दुसऱ्या देशाचं पोर सुतळी धरायला चारशेच्या शिबिरातही येईल की. १९०७ ला स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा वीसेकच पोरं होती.

चहा_बिस्कीट
तुम्ही दोघं ऊन-पावसावर भांडा, मी पैशावर येते. ब्रिटनच्या एकेका मुलाला कोरियासाठी साडेतीन हजार पौंडांच्या आसपास रक्कम जमवावी लागली होती, त्यात हॉटेलांचा संस्थेला दहा लाख पौंडांहून जास्त भुर्दंड. यजमान शुल्क देशाच्या ऐपतीप्रमाणे लावतात हे मान्य, पण विमान कंपनी ऐपत विचारत नाही. आपल्याकडे स्काऊटिंगचा राज्य पुरस्कार मिळवलेलं जिल्हा परिषद शाळेतलं पोर घरी आणि ज्याच्या बापाला झेपतं ते पोलंडला. मग जगभरच्या बंधुभावाची भाषा कशाला?

गाठ_पक्की
ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण म्हणून ते बंद करायचं? आपल्या देशातली जांबोरी आहेच. जानेवारी २०२३ ला राजस्थानात पालीजवळ रोहटला झाली, पस्तीसेक हजार पोरं होती. थंडीचा महिना निवडला होता, बघा, एवढं साधं असतं.

माजी_गाईड
मी धागाकर्त्यांच्या बाजूने, पण वेगळ्या कारणाने. १९२० ला लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात पहिली जांबोरी झाली, ३४ देशांचे ८,००० स्काऊट, तेही छपराखाली. आकडा वाढवत नेला आपणच. १९७९ ची इराणची जांबोरी क्रांतीमुळे रद्द झाली, त्यानंतर थेट १९८३ ला कॅनडात भरली. आठ वर्षं जांबोरीविना गेली, चळवळ काही मेली नाही. दर ऑक्टोबरला रेडिओवरून आणि इंटरनेटवरून होणारा मेळावा आहेच.

गाठ_पक्की
रेडिओवर समोरच्याच्या करपलेल्या भाताचा वास येतो का? जमिनीवर स्कार्फ पसरून बॅज मांडता येतात का? अदलाबदलीची घासाघीस बघाल तर आपली भाजीमंडई फिकी.

सुरक्षिततेचंच म्हणाल तर १९६३ बघा. ग्रीसमधल्या मॅरेथॉन गावी जांबोरीसाठी निघालेल्या फिलिपिन्सच्या २४ जणांचं विमान मुंबईला उतरता उतरता समुद्रात कोसळलं, कोणीच वाचलं नाही. क्वेझॉन सिटीतल्या रस्त्यांना त्यांची नावं आहेत. त्या देशाने स्काऊटिंग सोडलं नाही.

माजी_गाईड
हे उदाहरण इथे आणायला नको होतं. अपघात कोणाच्या हातात नसतो. सावली नसलेला तळ मात्र नकाशावर सहा वर्षं दिसत होता.

गाठ_पक्की
बरं, मागे घेतो. पण मग आग्रह सावलीचा, पाण्याचा, डॉक्टरांचा धरा. सराव शिबिर झाल्याशिवाय पथक पाठवू नका.

कोरडी_विहीर
ही अट मी भाचीच्या सरांसमोर ठेवतो. ते म्हणाले चालेल, तर माझा विरोध थोडा सैल होईल. थोडाच.

चहा_बिस्कीट
आणि तिकिटाचे पैसे?

कोरडी_विहीर
घरात सगळे मामाकडेच बघतायत.